पायाचा कौल घेऊन मॅरेथॉनकडे

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी, ते पंचांगात छापून येत नाही. देवीचा कौल घेतात, मग तारीख जाहीर होते आणि त्यानंतर मुंबईचे चाकरमानी तिकिटांमागे लागतात. दुखापतीनंतर धावण्यावर परतायचा दिवसही याच क्रमाने ठरायला हवा: आधी कौल, मग तिकीट. उलटं केलं की काय होतं ते मी भोगलं आहे.

मी मालवणात वायरीला राहते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव घातलं होतं आणि ४२.१९५ किलोमीटर चार तासांच्या आत संपवायचं ठरवलं होतं. म्हणजे प्रत्येक किलोमीटर सुमारे ५ मिनिटं ४१ सेकंदांत. पावसाळ्याच्या शेवटी डाव्या टाचेच्या मागे दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत, मग बरं. धावायला लागलं की दुखणं जायचंच, म्हणून मी धावत राहिले. वाळू मऊ, तेव्हा पायाला आराम मिळेल असं समजून तारकर्लीच्या कोरड्या वाळूत अनवाणी धावले. तीन आठवड्यांनी घराची पायरी उतरता येईना.

ती मॅरेथॉन गेली. पुढच्या वर्षभरात जे शिकले ते इथे लिहिते आहे, नव्याने धावायला लागलेल्या आणि मनात मोठं काही धरून बसलेल्या माणसांसाठी. पहिली हाफ (अर्धी मॅरेथॉन) असो, पहिली फुल (पूर्ण मॅरेथॉन) असो, ध्येय सोडा असं मी सांगणार नाही. ध्येय होतं म्हणूनच मी कंटाळवाणे व्यायाम महिनोन्महिने केले.

आधी दुखतंय काय, ते कळू द्या

धावणाऱ्याच्या पायात साधारण तीन गोष्टी बिघडतात: स्नायू, टेंडन किंवा हाड. तिघांचे नियम वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान होतं.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पोटरीला टाचेशी बांधणारी अकिलीस टेंडन ही त्यातली सगळ्यात जाड. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहापटीहून जास्त ताण येतो. ती बिघडली की सकाळी आखडते, थोडं चाललं की सैल होते, आणि खरा हिशोब दुसऱ्या दिवशी मागते. तिला पूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी कमकुवत होते. तिला भार हवा असतो, मोजून दिलेला.

हाडाचं नेमकं उलटं. नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल, धावताना दुखणं वाढतच जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला केसभर तडा असू शकतो. अशा वेळी धावणं त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत हा तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी लगेच बूट चढवू नका. जांघेत खोल दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

असे तडे मैल वाढवल्यावर तीन-चार आठवड्यांनी का दिसतात, यामागे कारण आहे. नवा भार आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश. मधल्या काळात हाड नाजूक असतं, आणि नेमका तेव्हाच आपला दम वाढलेला असल्याने जोर करावासा वाटतो.

गावाकडे पाय दुखला की आधी तेल लावून रगडून घ्यायची सवय असते. स्नायूला त्याने बरं वाटेल, पण तडा गेलेल्या हाडावर रगडणं धोक्याचं. टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना नीट विचारा, त्याने टेंडन तुटायची भीती वाढते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनेही टेंडन कमकुवत होऊ शकते, तेव्हा दुसऱ्या आजारासाठी औषध घेताना आपण धावतो आणि टाच दुखते हे सांगा. टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखा खट्ट आवाज झाला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी सुजून लाल आणि गरम झाली असेल तरी तसंच.

दुखणं दाबणारी गोळी खाऊन धावणं मात्र कुठल्याच दुखापतीत नको. गोळीने कौल देणाऱ्याचं तोंड बंद होतं, आणि इथल्या दमट हवेत घाम गाळत असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावरही ताण आणतात.

ध्येय ठेवा, त्याला तीन फाटे द्या

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. फुलच्या तयारीला नवख्या माणसाला किमान सोळा आठवडे लागतात. तिथून मागे मोजत आलं की आपण सप्टेंबरच्या अखेरीला पोचतो. मी हे सण धरून लक्षात ठेवते.

गणपती विसर्जनापर्यंत सलग अर्धा तास, न दुखता आणि दुसऱ्या दिवशी न आखडता धावता येत असेल, तर फुलचा विचार जिवंत ठेवायला हरकत नाही. दसऱ्याच्या सुमारास आठवड्याला पंचवीस किलोमीटर सहज व्हायला हवेत. नाही झाले तर हाफ. आणि दिवाळीतही दहा किलोमीटरनंतर टाच कुरकुरत असेल तर या जानेवारीत दहाचीच धाव, किंवा नुसतं रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवणं. भरलेली फी गेली तर जाऊ दे. पहिल्या खेपेला त्या फीपायी मी आणखी चार आठवडे ओढले, आणि त्याची किंमत फीपेक्षा फार मोठी होती.

वेळेचं ध्येय आणि अंतराचं ध्येय एकाच वर्षी धरू नका. दुखापतीनंतरच्या पहिल्या मोठ्या धावेत फक्त अंतर. चार तासांचं स्वप्न त्याच्या पुढच्या जानेवारीला.

मोठी माणसं हे कशी करतात? बीडचा अविनाश साबळे २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई स्पर्धेला मुकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला तो ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावला आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतलं. हुकलेली स्पर्धा परत आली ती पाच वर्षांनी. अमेरिकेच्या जोन बेनॉइटची गोष्टही धावणाऱ्यांत नेहमी सांगितली जाते. १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी ती निवड चाचणीची मॅरेथॉन जिंकली आणि मग लॉस एंजेलिसला ऑलिम्पिकमधली महिलांची पहिली मॅरेथॉनही. ती ऐकून अंगावर काटा येतो. पण तिच्यामागे वर्षानुवर्षांची धाव आणि डॉक्टरांचा ताफा होता. नवख्याने तिच्याकडून एवढंच घ्यावं की पाय चालत नव्हते तेव्हा ती हातांनी पेडल मारून दम राखत होती.

धावणं बंद असताना

पहिल्या दहा-बारा दिवसांत दम फारसा उतरत नाही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर मी निम्मं रडले नसते. त्यापुढे उतरू लागतो, तेव्हा हृदयाला कामाला लावायचं, पायाला सांभाळून. जागच्या जागी चालवायची सायकल सगळ्यात सोपी. गावातली खरी सायकलही चालते, पण कुंभारमाठचा चढ सुरुवातीला नको, उभं राहून पेडल मारताना पोटरीवर फार जोर येतो. पोहता येत असेल तर पावसाळा सरल्यावर चिवला किनाऱ्याचं शांत पाणी आहे. जून-जुलैत मात्र समुद्राचं नावही काढू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. मच्छीमार ज्या पाण्यात जात नाही त्यात आपण व्यायामाला जायचं नाही.

सायकलवर धावण्याचाच आराखडा ठेवा: दोन दिवस सावकाश पाऊण तास, एक दिवस तीन-तीन मिनिटांचे जोराचे पाच-सहा हप्ते. याने दम टिकतो, आणि इथेच पुढचा सापळा तयार होतो. परत धावायला लागाल तेव्हा छाती म्हणेल अजून पाच किलोमीटर जाऊ. टेंडन आणि हाड छातीच्या कितीतरी मागे असतात. त्या दिवसांत छातीचं ऐकू नका.

चिऱ्याच्या पायरीवरचे तीन महिने

टाचेमागच्या दुखण्यावर सर्वांत जास्त उपयोगी पडलेल्या व्यायामाला लागते फक्त एक पायरी. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत अशी: पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, चांगल्या पायाच्या मदतीने वर उठायचं, आणि सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन हप्ते, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन. सकाळी आणि संध्याकाळी, बारा आठवडे. दिवसाला एकशे ऐंशी होतात.

आमच्या घराच्या चिऱ्याच्या पायरीला माझ्या चवड्यांनी खळगा पडेल असं आई म्हणायची. दाराची चौकट धरायची आणि पाच आकडे मोजत टाच खाली. थोडं दुखतं, तेवढं चालतं. जमू लागलं की पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरायचे, आधी दोन किलो, मग पाच.

दोन गोष्टी सांभाळा. दुखणं टाचेच्या हाडाला जिथे टेंडन चिकटते अगदी तिथे असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका. सपाट जमिनीवरच वर-खाली करा. खाली नेलं की ती जागा हाडावर दाबली जाते. आणि पावसाळ्यात अंगणातल्या पायरीवर शेवाळ धरतं, तेव्हा घरातली कोरडी पायरी घ्या.

एकशे ऐंशी रोज नाही जमले तर? फिजिओथेरपिस्टने मला एक दिवसाआड, जड वजन घेऊन, कमी वेळा करायलाही शिकवलं, आणि तेही लागू पडलं. नियमितपणा सुटला की काहीच लागू पडत नाही. माझे गणपतीतले सहा दिवस चुकले आणि सकाळचं आखडणं परत आलं.

कौल कसा घ्यायचा

परत धावायच्या आधी पायाला हे विचारा. पाऊण तास झपाझप चाललं तर दुखतं का? एका पायावर उभं राहून टाच वीस-पंचवीस वेळा उचलता येते का, आणि दोन्ही पाय सारखेच थकतात का? खळ्यात एका पायावर दहा लंगडीच्या उड्या मारता येतात का? हाडाचं दुखणं असेल तर या तिन्हींत दुखणं शून्य हवं. टेंडनला थोडी कुरकुर चालते: दुखण्याला दहापैकी आकडा दिला तर तीनपर्यंत.

तिन्हींत पास झालात की चाल-धाव. एक दिवसाआड, सपाटीवर. चार मिनिटं चाल, एक मिनिट धाव, असं सहा वेळा. अर्ध्या तासात फक्त सहा मिनिटं धावणं झालं म्हणून वाईट वाटेल, पण घरी परता. पुढे तीन आणि दोन, मग दोन आणि तीन, मग एक आणि चार. शेवटी सलग वीस मिनिटं, मग तीस.

पुढच्या टप्प्यावर कधी जायचं ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. मी पलंगाशेजारी वही ठेवते. उठल्यावर पहिल्या दहा पावलांना दहापैकी किती दुखलं, तो आकडा चहाच्या आधी लिहायचा. कालच्याइतका किंवा कमी असेल तर ठीक, आणि एका टप्प्यावर अशा दोन चांगल्या सकाळी मिळाल्या की पुढे. एकाने वाढला तर तोच टप्पा परत. दोनाने वाढला, किंवा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर एक टप्पा मागे. धावताना काय वाटलं याला फारशी किंमत देऊ नका, टेंडन गरम झाली की खोटं बोलते.

वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी अंतर, मग वेग, सगळ्यात शेवटी चढ. नवीन बूट त्याच आठवड्यात घालू नका.

कुठे धावायचं

कोकणात सपाट जमीन मिळणं हेच मोठं काम. घरातून बाहेर पडलं की एक तर चढ नाहीतर उतार. चढावर पोटरी आणि टाच ताणली जाते, उतारावर नडगी आणि गुडघा मार खातो. आमच्याकडे वायरी-तारकर्ली-देवबाग रस्ता सपाट आहे, एका बाजूला समुद्र आणि पुढे दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. परतीचे पहिले दोन महिने मी तिथेच काढले. तुमच्या गावात असा रस्ता नसेल तर शाळेचं मैदान बघा, नाहीतर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, चढून (चालत!) तिथल्या सपाटीवर धावा. सड्यावर पहाटे बॅटरी हवीच, कातळावर फुरसं असतं.

आणि पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. लोकांना वाटतं समुद्रकाठी राहणाऱ्याला धावायला काय कमी. पण कोरड्या मऊ वाळूत धावायला घट्ट जमिनीच्या सुमारे १.६ पट शक्ती लागते. टाच खोल रुतते आणि पोटरीला प्रत्येक पावलाला ती उपसून काढावी लागते. माझं दुखणं तिथेच चिघळलं. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू वेगळी. तिच्यावर बूट घालून धावलं तर पायाला सोसवतं, फक्त पुळण पाण्याकडे उतरती असते आणि एक पाय सतत खाली पडतो. म्हणून जितकं जाल तितकंच त्याच पट्ट्यावरून परत या, आणि त्यातल्या त्यात सपाट पट्टा निवडा.

ती घट्ट वाळू कधी मिळेल, हे मला किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका आजोबांनी शिकवलं. सकाळी सहाला लाटा थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेल्या, मी तशीच उभी. ते म्हणाले, "गो बाय, अष्टमीक सकाळी पुळण खंय गावतली? पंचांग बघून ये." मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, म्हणजे सकाळी सहाला सुकती. त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी खूप मागे जातं आणि पुळण रुंद मिळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. तेव्हापासून माझे पुळणीवरचे दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंत असतात, आणि अष्टमीच्या आसपास मी रस्त्यावर असते.

जे धावणं वाटत नाही तेही मोजा

गणपतीत मी आठवडाभर धावले नव्हते, तरी टाच सुजली. फिजिओने विचारलं, "रात्री काय करत होतात?" फुगड्या घालत होते, रोज तीन घरी, जमिनीवर अनवाणी. फुगडी म्हणजे चवड्यांवरच्या शेकडो उड्या. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या मुलांचंही तेच, वर खांद्यावर वजन. सण सोडा असं मी कसं म्हणेन? त्या आठवड्यात धाव कमी करा, आणि वहीत फुगडीही लिहा. जत्रांच्या दिवसांत दशावतार बघत रात्र जागवलीत तर दुसऱ्या दिवशीची लांब धाव एक दिवस पुढे ढकला.

खाण्याचं आपल्याकडे बरं आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, कुळथात वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा प्रथिनं. पेज, पिठी, बांगडा, काट्यासकट खाल्लेली छोटी मासळी, यांवर हाड आणि टेंडन दोन्ही उभी राहतात. वजन वाढेल या भीतीने दुखापतीत जेवण तोडू नका. बायकांना खास सांगते: धावणं वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर शरीराला अन्न पुरत नाही आणि हाडं ठिसूळ होत आहेत असं समजून डॉक्टरांशी बोला. आपल्याकडे हे कुणी बोलत नाही आणि मुली तडे घेऊन बसतात.

शेवटचे आठवडे आणि प्रवास

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं. या काळात टाच उगाच दुखल्यासारखी वाटते, वहीतला सकाळचा आकडा बघा आणि त्यावर ठरवा. पायरीवरचा व्यायाम स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात निम्मा करा.

कुडाळहून कोकणकन्येने रात्रभर बसून शनिवारी उतरणं आणि रविवारी पहाटे धावणं, हे दुखऱ्या टाचेला मानवत नाही. बसून पोटरी आखडते, पाय सुजतात. धावायचा नंबर एक्स्पोला (स्पर्धेआधीच्या प्रदर्शनाला) जाऊन आधीच घ्यावा लागतो, त्यात आणखी पायपीट. मी गुरुवारी रात्री निघते, शुक्रवारी नंबर घेते आणि शनिवारी बहिणीच्या घरी पाय वर करून पडून राहते. गाडीत दर दोन तासांनी उठून डब्याच्या दाराशी वीस वेळा टाचा उचलायच्या.

धावताना पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दर किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद हळू. गर्दी ओढून नेईल, तेव्हा घड्याळ बघा. टाच दहापैकी पाचच्या वर गेली, किंवा पाऊल लंगडं पडू लागलं, तर वैद्यकीय तंबू दिसेल तिथे थांबा. परतीचं तिकीट सोमवार रात्रीचं काढा, आणि खालचा बर्थ मागून घ्या.